मर्यादवेलीच्या अलीकडे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही बोर्डीला समुद्रावर तंबू लावून राहिला होतात ना? जागा कशी आहे? मुलांना घेऊन जावं म्हणतोय." जागा सांगण्याआधी मी विचारते, "कोणत्या तिथीला जाताय?" समोरचा गोंधळतो. सहलीला निघताना शनिवार-रविवार बघायचा असतो, तिथी कोण बघतं?

आम्ही पौर्णिमा आहे एवढं बघितलं होतं, कारण चांदणं हवं होतं. पौर्णिमेला समुद्र काय करतो, ते बघायचं राहून गेलं. त्यापायी घरची सात माणसं, त्यातलं एक पाच वर्षांचं आणि एक बहात्तर वर्षांचं, रात्रीच्या अंधारात पाण्यातून काढावी लागली. जे झालं ते जसंच्या तसं सांगते. पुढे जे शिकलो तेही सांगते, कारण वाळूवर तंबू टाकायला जाणाऱ्या प्रत्येक घराला ते उपयोगी पडेल.

उशिराची सुरुवात द्वारकेवरूनच

आम्ही नाशिकमधल्या द्वारकेला राहतो, काठे गल्लीच्या बाजूला. आमची पाण्याशी ओळख गोदावरीची. नाशिककर तिला गंगाच म्हणतात. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की छातीला, यावर आम्ही पूर मोजतो. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं झालं की आधी गावभर बातमी होते, सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात, मग पाणी येतं. पाणी सांगून येतं, ही सवय आमच्या अंगात मुरलेली.

समुद्राची ओळख गोव्यापुरती. आदल्या वर्षी मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर चार दिवस राहिलो होतो. मुलगा तिथे सर्फिंगच्या फळीवर पोटावर झोपून लाटेबरोबर किनाऱ्याला यायला शिकला होता. चार दिवसांत पाणी थोडं वर यायचं, थोडं मागे जायचं, एवढंच पाहिलं. समुद्र सगळीकडे असाच असणार, असं आम्ही धरून चाललो.

त्या वर्षी कोजागरी रविवारी आली. सोमवारची रजा टाकली, दोन तंबू आणले, आणि कोजागरीचं दूध समुद्रकाठी आटवायचं ठरलं. सासूबाईंनी आयुष्यात समुद्रावरचं चांदणं पाहिलं नव्हतं, त्याही हौसेने निघाल्या. नाशिकहून बोर्डी साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर. त्र्यंबक, तोरंगणचा घाट, मोखाडा, जव्हार, कासा, डहाणू, बोर्डी असा रस्ता. पहाटे सहाला निघायचं ठरलेलं, प्रत्यक्षात निघालो दहाला. द्वारका चौकातच अर्धा तास अडकलो. त्र्यंबकला दर्शन, जव्हारला जेवण. घाटात सातवीतला माझा मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "आई, पौर्णिमेला उधाणाची भरती असते ना? आम्हाला भूगोलात आहे." मी म्हटलं, "हो रे, मग बघूया की आपण." मी ते परीक्षेतलं उत्तर म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

बोर्डीला पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सूर्य खाली आला होता. जागा निवडायला जेमतेम पाऊण तासाचा उजेड उरला होता. आता मागे वळून बघताना वाटतं, चूक तिथेच झाली. घाईत निवडलेली जागा डोळ्यांना छान दिसते, पण ती पारखलेली नसते.

वाळूचा उंचवटा

बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. सुरूच्या बनातून बाहेर आलं की समोर लांबच लांब ओलसर वाळू, आणि समुद्र पार तिकडे, बारीक पांढऱ्या रेघेसारखा. सुरूपासून बऱ्याच अंतरावर वाळूचा एक लांबट उंचवटा होता, वरून कोरडा. त्याच्या आणि सुरूच्या मध्ये हलकासा खोलगट पट्टा, त्यात पायाला गार लागणारी ओली वाळू. आम्हाला वाटलं, उंच आहे, कोरडं आहे, वारा छान आहे, समोर मोकळा समुद्र आहे. याहून चांगली जागा कुठली? दोन्ही तंबू तिथे ठोकले. गाडी मात्र सुरूखाली ठेवली, तेवढं एक शहाणपण झालं.

तो उंचवटा भरतीच्या पाण्यानेच घडवलेला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सपाट किनाऱ्यावर लाटा वाळू ढकलून असे बांध तयार करतात आणि त्यांच्यामागे खोलगट पट्टे राहतात. भरती चढू लागली की पाणी समोरून बांधावर चढत नाही. बाजूच्या सखल जागेतून ते आधी मागच्या पट्ट्यात शिरतं. तुम्ही समोर समुद्राकडे बघत बसलेले असता, आणि परतीची वाट पाठीमागून बंद होत असते.

नऊ वाजता सासूबाई आणि माझी पाच वर्षांची पुतणी तंबूत झोपल्या. दूध झालं की उठवा, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं. आम्ही स्टोव्हवर दूध ठेवलं. धाकटी जाऊ ढवळत होती, मी वेलची कुटत होते. लाटांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटत होता, पण रात्री आवाज मोठाच वाटतो, असं आम्हीच एकमेकांना समजावलं.

सव्वादहाच्या सुमारास दूध उतरवलं. केशर, चारोळी घातली. दुधात चंद्र दिसला पाहिजे म्हणून मी पातेलं घेऊन पूर्वेकडे, सुरूच्या बाजूला वळले. पातेल्यात चंद्र दिसला. मान वर केली तर समोर, जिथे ओली वाळू असायला हवी होती तिथे, सुरूपर्यंत पसरलेला दुसरा चंद्र हलत होता. ते पाणी आहे हे कळायला मला एक क्षण लागला. पुतणीच्या गुलाबी चपलांपैकी एक त्यावर तरंगत चालली होती.

पाण्यातून बाहेर

नवरा पट्ट्यात उतरला, तर पाणी गुडघ्याच्या वर. ते स्थिर नव्हतं, डावीकडून उजवीकडे ओढत होतं. भाऊजींनी पुतणीला झोपेतच खांद्यावर घेतलं. सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्यांना उठवून बसवेपर्यंत उंचवट्याच्या कडेने पहिलं पाणी तंबूखाली सरकलं होतं.

तेवढ्यात सुरूतून बॅटरीचा उजेड हलला. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगत होतं, "सरळ येऊ नका! उजव्या हाताला या, तिथं वाळू घट्ट आहे!" गावातले एक वयस्क मांगेला मच्छीमार, ज्यांना आम्ही पुढे मामा म्हणू लागलो, आणि दोन तरुण पोरं बांबू घेऊन पाण्यात उतरली. खाली दिवा हलताना त्यांनी पाहिला होता. बांबूने तळ चाचपत ते आमच्यापर्यंत आले. दोघांनी सासूबाईंना हातांची खुर्ची करून उचललं. मी मुलाचा हात इतका घट्ट धरला होता की सकाळी त्याच्या मनगटावर वळ दिसला. पहिल्या खेपेला पाणी गुडघ्यावर होतं, दुसऱ्या खेपेला मांड्यांपर्यंत आलं. सामानासाठी नवरा तिसऱ्यांदा वळला, तेव्हा मामांनी त्याचा दंड धरून ठेवला. "सामान मिळतं," एवढंच ते म्हणाले.

बारा वाजता सुरूखालून बघितलं तर आमच्या तंबूच्या जागी फक्त पाणी होतं. कमरेइतकं तरी असावं. एक तंबू, स्टोव्ह, दोन बॅगा, एक मोबाइल आणि गाडीची किल्ली गेली. किल्ली बॅगेत ठेवली होती.

ती रात्र आम्ही मामांच्या ओट्यावर काढली. त्यांच्या घरच्यांनी चहा केला, सासूबाईंना कोरडं लुगडं दिलं. मामा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "नाशिकचे ना तुम्ही? घरी पंचांग असेल की." मी म्हटलं, भिंतीवर कालनिर्णय आहे. "मग? आमच्याकडे पंचांग आधी होडीसाठी बघतात, लग्नासाठी मागून." आणि त्यांनी मला भरतीचा हिशेब शिकवला.

तिथीची पाऊणपट

कोकणात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जे येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी म्हणजे ४, पाऊणपट ३, म्हणून भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या १५ धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा, आणि पाणी त्यापुढेही बाराच्या आसपासपर्यंत रेंगाळतं. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून १, २, ३ असं मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता आमचं गणित मांडा. पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पावणेसहाच्या सुमारास. आम्ही पोचलो साडेपाचला. महिनाभरात समुद्र जितका दूर जाऊ शकतो तितका दूर असताना आम्ही जागा निवडली होती. पाणी "तिकडे लांब" होतं, कारण ते नेमकं त्याच वेळी लांब असतं.

हा ठोकताळा मुंबई आणि उत्तर कोकणाच्या किनाऱ्यासाठी. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा छापील तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरनिहाय भरतीच्या वेळा आणि उंची प्रसिद्ध करतो. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला सगळे इन्कॉइस म्हणतात, लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देतं. वेळेबरोबर उंचीचा आकडाही बघा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एक होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात जाते, तो भांग. त्या वेळी पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. सर्वांत मोठं उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत येतं, म्हणून पौर्णिमा उलटली की निर्धास्त होऊ नका. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात, त्या सुमाराची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांत मोडतात. कोजागरी त्याच्या जवळच पडते. चांदण्यासाठी निवडलेली आमची रात्र पाण्याच्या बाजूने वर्षातल्या अवघड रात्रींपैकी एक होती.

मुलं घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी सांगते, अष्टमी-नवमीच्या आसपास जा. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतोच, चांदणंही मिळतं.

गोव्याचा समुद्र आणि बोर्डीचा समुद्र

आमची दुसरी चूक अशी की एका किनाऱ्यावरचा अनुभव आम्ही दुसऱ्यावर नेला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाल तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. गोव्यात उधाणालाही ती साधारण २ मीटरच्या घरात. मुंबईत ५ मीटरच्या जवळ जाते. बोर्डी मुंबईच्याही उत्तरेला, गुजरातच्या हद्दीशी. पुढे खंभातच्या आखातात तर पाणी १० मीटरहून जास्त चढतं. उत्तरेकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो आणि आखात अरुंद होत जातं. पसरलेलं पाणी अरुंद जागेत दाटतं आणि वर चढतं.

त्यात किनारा सपाट असला तर हिशेब आणखी बदलतो. समजा, शंभर मीटर चाललं की वाळू एक मीटर चढते. मग पाणी ५ मीटर चढणार असेल तर ते वाळूवर पाचशे मीटर आत येणार. ते एकसारखं येत नाही. भरतीच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासाला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे पहिला तासभर पाणी जागचं हललंय असं वाटत नाही. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. वरच्या हिशेबाने तेव्हा ते तासाला सव्वाशे मीटर, मिनिटाला दोन मीटर पुढे सरकतं. आम्ही जेवणं उरकून भांडी आवरत होतो, ते नेमके हे दोन तास.

जागा कशी निवडावी

सकाळी आम्ही वाळूवर गेलो. आमचा दुसरा तंबू सुरूच्या मुळाशी वाळूने भरलेल्या पोत्यासारखा पडला होता. तिथेच वाळलेलं शेवाळ, सुरूच्या काड्या, शिंपले, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची एक लांब रेघ पडलेली होती, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर. रात्रीच्या भरतीने आपली हद्द आखून ठेवली होती. पुतणीची एक चप्पल त्या रेघेतच सापडली. त्या रेघेच्या वर, हातभर अंतरावर, जाड पानांची हिरवीगार वेल वाळूवर पसरली होती आणि तिला जांभळी फुलं आली होती. मामा म्हणाले, "ही मर्यादवेल. समुद्र हिच्यापर्यंत येतो, एरवी हिला ओलांडत नाही." सुरूची मुळं भिजली होती त्या जागी ती नव्हती. जिथे ती होती तिथली वाळू कोरडी होती. आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्यावरूनच चालत खाली गेलो होतो.

गंगेत दुतोंड्या मारुती आहे, तशी वाळूवर ही वेल आहे. किनारपट्टीचे सरकारी नियमसुद्धा भरतीच्या रेषेपासूनच मोजतात. १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून भरतीरेषेच्या आत ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात धरला गेला.

म्हणून तंबू मर्यादवेलीच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला. खुद्द वेलीवरही नाही, कारण तीच वाळू धरून ठेवते. जिथे वेल नसेल तिथे सर्वांत वरची कचऱ्याची रेघ शोधा आणि तिच्याही बरंच वर जा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर पोचणं. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. त्या वेळी किनाऱ्यावर हजर असाल तर पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी दिसेल. रात्रीची भरती त्याच्या आसपासच येणार, थोडी कमी किंवा थोडी जास्त, म्हणून बरीच मोकळी जागा सोडा. नाशिकहून पहाटे पाचला निघालात तर हे सहज जमतं. द्वारका चौकही तेव्हा मोकळा असतो.

खाडीच्या किंवा ओढ्याच्या तोंडाशी तंबू नको. नारळाच्या झाडाखाली नको. वाळूतल्या एकट्या उंचवट्यावर तर नकोच. माझं मत विचाराल तर गावातल्या एखाद्या वाडीत परवानगी घेऊन, थोडं भाडं देऊन राहावं. या भागातल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चिकूच्या वाडीत तंबू लावला तर सावली मिळते, विहीर मिळते, संडास मिळतो. मुख्य म्हणजे रात्री तुमचा दिवा हलताना बघणारं कुणीतरी जवळ असतं. आम्हाला नियोजनाने वाचवलं नाही, एका माणसाने वाचवलं. तो माणूस आधीच ओळखीचा करून घ्या. पोचल्यावर पहिल्यांदा ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना सांगा, कोळीवाड्यात विचारा, "आज पाणी कुठवर येईल?" हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात.

लाटांत उतरताना

बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर धोका चढत्या पाण्याचा. काशीद, गणपतीपुळे अशा ठिकाणी किनारा उतरता आहे, लाटा जोरात फुटतात, तिथे धोका मागे ओढणाऱ्या पाण्याचा. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले ८ जण गेले. दोन्ही वेळा ही आपल्यासारख्याच घरांतली मुलं होती, हसत-खेळत पाण्यात उतरलेली.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जावंच लागतं. ते एखाद्या अरुंद वाटेने जोरात समुद्राकडे धावतं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तीच ती वाट. नवख्याला तिथेच उतरावंसं वाटतं, कारण लाटा नसतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, चांगला पोहणाराही त्यात दमून बुडतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटाच तुम्हाला आत आणतील. बुडणाऱ्याला वाचवायला मोकळ्या हाताने उडी घेऊ नका. आधी रिकामा कॅन, दोरी, बांबू, जे असेल ते फेका.

ओहोटी लागल्यावर पोहायला उतरू नका आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. मुलं पाण्यात असतील तेव्हा एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्यांच्याकडे बघणं, मोबाइल बाजूला ठेवून. मुलाला सर्फिंगची हौस असेल तर शिकवणाऱ्याबरोबरच, फळीची दोरी पायाला बांधून. गढूळ उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट दूर सरकतं. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून डॉक्टरकडे न्या. ११२ पोलिसांचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १५५४ तटरक्षक दलाचा क्रमांक. हे तिन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल भिजू शकतो.

सामान आणि सवयी

वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. सरळ ठोकलेली खुंटी पहिल्याच वाऱ्याला निघते. खुंटीला दोरी मधोमध बांधा, हातभर खड्डा करून ती आडवी पुरा आणि वरून वाळू दाबा. कापडी पिशवी वाळूने भरून पुरली तरी चालते. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. तंबूचं दार समुद्राला काटकोनात ठेवलं तर दोन्हींचा त्रास कमी होतो.

पिण्याचं पाणी माणशी रोज किमान चार लिटर धरा. किनाऱ्यालगतच्या विहिरी कधी मचूळ लागतात. ऑक्टोबरचं ऊन वाळूवरून उलटून चेहऱ्यावर येतं. अकरा ते चार मुलं सावलीतच ठेवा आणि मीठ-साखरेचं पाणी तयार ठेवा. सुरूखाली चूल किंवा शेकोटी पेटवू नका, त्या वाळलेल्या काड्या भडकायला क्षणही लागत नाही. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

किल्ली, थोडे पैसे, ओळखपत्र आणि एक बॅटरी अंगावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ही गोष्ट आम्ही महागात शिकलो. दुसऱ्या दिवशी नाशिकहून दुसरी किल्ली येईपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी वाळूत उतरवू नका. कोरडी दिसणारी वाळू खाली मऊ असते, आणि अडकलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही.

थंडीच्या महिन्यांत कोकणच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री झगझगीत दिवे लावू नयेत. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. आपला कचरा परत आणा. भरतीच्या रेघेत मी जे प्लॅस्टिक पाहिलं, ते समुद्राने तयार केलेलं नव्हतं.

कोण जागं आहे?

कोजागरीला लक्ष्मी घरोघर फिरत "को जागर्ति?" विचारते, असं सासूबाई दरवर्षी मुलांना सांगतात. त्या रात्री आम्ही जागे होतो ते दुधासाठी. एखाद्या साध्या शनिवारी गेलो असतो तर दहा वाजता सातही जण झोपलेले असते. हा विचार मनात आला की अजून माझे हात गार पडतात. म्हणून आता आमच्याकडे एक पक्का नियम आहे. समुद्रावर तंबूत मुक्काम असेल तर भरतीची वेळ उलटून पाणी उतरायला लागेपर्यंत एक मोठा माणूस जागा राहतो, तंबू कितीही वर असला तरी.

आम्ही बोर्डीला जाणं सोडलेलं नाही. मामांच्या घराशी आता येणं-जाणं आहे, द्राक्षाच्या हंगामात नाशिकहून एक पेटी त्यांच्याकडे जाते. निघायच्या आठवड्यात सासूबाई चष्मा लावून कालनिर्णयपुढे उभ्या राहतात, तिथीवर बोट ठेवतात आणि नातीला विचारतात, "नवमी. पाऊणपट किती?" ती बोटांवर मोजून सांगते, "पावणेसात." मग माझा मुलगा पेन्सिलने त्या चौकोनात लिहितो: भरती पावणेसात, ओहोटी एक. त्यानंतरच बॅगा भरायला घेतो.